टेप, सिकेटर आणि दहावीनंतरची पोरं

पुणे-सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांगच लागते. त्यातलीच एक आमची. सुरुवातीला धंदा सरळ होता. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं शोभेची झाडं आणायची, पिशव्या बदलायच्या, शेडनेटखाली इथल्या हवेला सरावू द्यायची आणि विकायची. पुढे मांजरी, खराडीकडे सोसायट्या उठल्या तशी गिऱ्हाइकं विचारू लागली, "झाडं दिलीत, पण लावणार कोण? सांभाळणार कोण?" बागा करून द्यायचं काम असं अंगावर आलं, आणि अडलं ते माणसांवर.

मजूर मिळायचे. खड्डा घे म्हटलं की घ्यायचे. पण पिशवी न फाडता झाड तसंच खड्ड्यात उतरवायचं, खोडाला वीतभर माती चढवायची, छाटणी म्हणजे दिसेल तो शेंडा उडवायचा, असं चालायचं. माझी बायको लग्नाआधी शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "तयार माळी कुठवर शोधणार? इथली पोरं शिकवू या." गावातली दहावी झालेली, काही दहावीत अडकलेली मुलं दुपारची येऊ लागली.

तिनं नियम घातला तो आजही आहे: आधी टेप, मग खुरपं. हजार चौरस फूट लॉन करायचं आणि चार इंच पोयटा पसरायचा, तर माती किती मागवायची? चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. हजाराला तीननं भागा, 333 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेतीन ब्रासच्याही आत. पण पाणी पडल्यावर माती बसते, म्हणून चार सांगायची. ट्रक आला की हौद्याची लांबी-रुंदी-उंची मोजायची आणि मगच माती खाली करून घ्यायची. गणितात दोनदा नापास झालेलं पोरगं पाव ब्रासवरून ट्रकवाल्याशी हुज्जत घालताना मी पाहिलंय, आणि हिशोब पोराचा बरोबर होता. तीन-चार-पाचच्या त्रिकोणानं गुण्या, म्हणजे काटकोन, काढणं, पाण्याच्या नळीनं लेव्हल घेणं हेही सगळं बागेतच. उतार चुकला तर पावसाचं पाणी पार्किंगमध्ये जातं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी फोन कोणाला करतात ते सांगायला नको.

कलमांचं वेळापत्रक मात्र आमच्या हातात नाही. आंब्याची कोय पावसाळ्याच्या तोंडाला रुजवायची. उगवलेल्या रोपाची पानं तांबूस, कोवळी असतात तोवरच कोयकलम साधतं. कलमकाडीची, म्हणजे रोपावर जोडायच्या चांगल्या झाडाच्या फांदीची, पानं झाडावरच आठवडाभर आधी, देठ ठेवून काढावी लागतात, म्हणजे डोळे फुगतात. पोरांना घाई असते, ती इथे चालत नाही. प्लॅस्टिकची पट्टी सैल बसली की जोड सुकतो. गुलाबाचे डोळे भरून कलमं थंडीत करतो, त्याच सुमारास जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे सगळ्यांना नेतो. फुलांपेक्षा तिथल्या जुन्या, प्रचंड झाडांखाली पोरं जास्त रेंगाळतात, तेही बरंच.

औषध फवारणी शिकवतो, पण फळ्यावर. अठरा पुरे झाल्याशिवाय पंपाला हात लावू देत नाही. शिकाऊ उमेदवार कायद्यात वयाची अट किमान चौदाची असली, तरी धोक्याच्या कामाला अठराची आहे, आणि तसा कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. फांदीवर चढून करवत चालवणं, लॉन कापायचं मशीन, यांचंही तसंच.

मुलं आली तशी प्रश्न आले. कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडावरून तर एका पोरीनं मला गाठलंच. "काका, यावर ना पाखरू बसतं ना मधमाशी, मग आपण का लावतो?" लवकर वाढतं, आडोसा होतो, बिल्डरला आवडतं, हे उत्तर तिला पटलं नाही, आणि खरं तर मलाही. 2023 मध्ये गुजरातनं त्याच्या लागवडीला बंदी घातली, त्याच्या आधीच आम्ही ते ठेवणं सोडलं होतं. आता जागा असेल तिथे बहावा, ताम्हण, कांचन सुचवतो. कामं थोडी गेली. जाऊ देत.

पालकांची समजूत घालणं अजूनही अवघड आहे. "दहावी करून पोरगा माळी करायचा का?" हे बहुतेक घरांत ऐकतो. वाद न घालता त्यांना साईटवर नेतो आणि सोसायट्यांच्या देखभालीचे करार दाखवतो. काही मुलं इथून आयटीआयच्या फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंगला जातात, काही कृषी पदविकेला. काहींनी स्वतःच बागा सांभाळायची कामं धरलीत, त्यांतले दोघं आता दरात आमच्याशीच चढाओढ करतात. काही मधेच सोडून डिलिव्हरीच्या गाडीवर गेली. पैसा तिथे लगेच दिसतो, त्यांना दोष कसा देणार?

नवी तुकडी जूनमध्ये, दहावीचा निकाल लागल्यावर. फी नाही. साईटवर काम केलं त्या दिवसाचं विद्यावेतन मिळतं आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आम्ही देतो. आई किंवा वडील, कोणीतरी एकानं सोबत यावं, आणि मुलानं आधी एक दिवस आमच्याबरोबर साईटवर थांबून बघावं. नाव त्यानंतर लिहून घेतो.