तबकडीतले रातकिडे

जळगावातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत बहुतेक काम अहिराणी गाण्यांचे असते. लग्नसराईच्या तोंडावर नाचाची गाणी, श्रावणात कानबाईची, आणि त्यातून वेळ उरला की लोकांनी आणून दिलेल्या जुन्या कॅसेटी आणि तबकड्या संगणकावर उतरवून देणे. या शेवटच्या कामात पैसा कमी आणि चिकाटी फार लागते, तरी मला तेच जास्त आवडते, कारण कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षे जपलेला आवाज आपल्या हाती सोपवलेला असतो.

उन्हाळ्यात भुसावळहून एक वयस्कर गृहस्थ मुलाबरोबर आले. मूळचे अमळनेरकडचे, पण सगळी नोकरी भुसावळला रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये झालेली. मुलगा त्यांना अप्पा म्हणत होता, म्हणून मीही अप्पाच म्हणू लागलो. त्यांनी आणलेली तबकडी म्हणजे सांताना या अमेरिकन रॉक बँडचा १९७२ सालचा ‘कॅरव्हॅनसराय’ हा अल्बम. एक अँग्लो-इंडियन सहकारी ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला तेव्हा त्याने ती अप्पांना दिली होती. निळ्या पार्श्वभूमीवरचा मोठा सूर्य आणि उंटांचा तांडा असे मुखपृष्ठ कडांना झिजले होते. आतली तबकडी मात्र बरी होती.

हा अल्बम मला माहीत होता आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवाच्या मंचावर गाजलेला हा बँड १९७१ संपेपर्यंत तिथल्या विक्रीच्या यादीत दोनदा पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. लॅटिन ताल आणि रॉक गिटार यांचे जे मिश्रण लोकांना हवे होते, तेच पुन्हा पुन्हा वाजवणे त्यांना सहज शक्य होते. कार्लोस सांताना आणि ड्रमवादक मायकेल श्रीव्ह हे दोघे मात्र त्या काळात माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझमध्ये बुडालेले होते, आणि चौथ्या अल्बमची सूत्रे त्यांनीच हाती घेतली. त्यातल्या दहा रचनांपैकी सात शब्दांविना आहेत. हे म्हणजे आपल्याच कारकिर्दीवर धोंडा पाडून घेणे आहे, असे रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी बजावल्याचे कार्लोस यांनी पुढे सांगितले आहे. बँडही एकसंध राहिला नाही. गायक आणि ऑर्गनवादक ग्रेग रोली आणि तरुण गिटारवादक नील शॉन बाहेर पडले आणि पुढे ‘जर्नी’ या बँडच्या स्थापनेत सामील झाले. एवढी किंमत मोजून केलेले काम आपल्या हातून बिघडू नये, ही जबाबदारी मला त्या दिवशी खरोखर जाणवत होती.

अडचण पहिल्याच मिनिटाला होती. हा अल्बम गिटारने किंवा ढोलाने सुरू होत नाही, तर रातकिड्यांच्या किरकिरीने सुरू होतो. त्या किरकिरीतून हॅडली कॅलिमन यांचा सॅक्सोफोन हळूहळू वर येतो, मग टॉम रटली यांचा उभा बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, आणि ताल त्यानंतर. जुन्या तबकडीवरची टिकटिक काढण्यासाठी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो, ते क्षणात उसळून विरणारे आवाज शोधून पुसते. तबकडीवरचा ओरखडा, कोंगा या हाताने वाजवायच्या ढोलावरची थाप, टिंबाली या धातूच्या ढोलाच्या कडेवर पडलेली काडी आणि रातकिड्याची किर्र यांतला फरक त्याला कळेलच, याची खात्री नसते. खरखर कमी करायची तर तिचा नमुना आधी कोऱ्या जागेतून घ्यावा लागतो, आणि इथे पहिल्या बाजूवरच्या रचना एकमेकींत अशा मिसळत जातात की कोरी जागा फारशी सापडतच नाही. म्हणून मी तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन सुकवली, सुई नीट पारखून घेतली, खरखरीला हात लावला नाही, आणि पडद्यावर आवाजाचे चित्र मोठे करून एकेक ओरखडा हाताने काढला. कुलर बंद ठेवून, कारण त्याची घरघर कानाला फसवते. आणि जळगावच्या मे महिन्यात कुलर बंद ठेवणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

काम पूर्ण झाल्यावर मी अप्पांना ऐकायला बोलावले. ते स्पीकरसमोर ताठ बसले. मी पहिली बाजू सुरू केली. माझ्या कानावर रातकिडे स्वच्छ येत होते. सॅक्सोफोन सुरू झाला तशी अप्पांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिले आणि हात वर करून थांबवायला सांगितले.

“रातकिडा कथा ग्यात भाऊ?” म्हणजे, रातकिडे कुठे गेले?

मी पुन्हा सुरुवातीपासून लावले, आवाज वाढवला. मुलाने मान हलवून ऐकू येत असल्याची खूण केली. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. पूर्वी त्यांनी ते नक्की ऐकले होते, इतके की तबकडी म्हटली की त्यांना आधी तेच आठवत असे. आणि आता त्यांची समजूत अशी झाली की साफसफाईत मीच ते काढून टाकले.

त्यांना खुर्चीसह पडद्याजवळ घेतले. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर स्वर चढत जातो, आणि आवाज जितका मोठा तितका रंग उजळ दिसतो. सॅक्सोफोनचे पट्टे खालच्या भागात होते. त्यांच्या बरेच वर बारीक, तुटक, एकसारख्या ठिपक्यांची एक ओळ सुरुवातीपासून चालली होती. त्या ओळीवर मी बोट ठेवले आणि म्हणालो, “अप्पा, हे रातकिडे. एकही काढलेला नाही.” ते चष्मा सारखा करून बराच वेळ ती ओळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “मग मला का येत नाहीत?”

मी डॉक्टर नाही, पण आवाजाच्या धंद्यात एवढे माहीत असते की सतत मोठ्या गोंगाटात काम केलेल्या माणसाची ऐकण्याची शक्ती बहुधा आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खचते, आणि वय त्याच्याही वरचे स्वर कमी करत जाते. रातकिड्यांची किरकिर साधारण त्याच टापूत असते. बोलण्याचा बराचसा भाग, कोंगा, बास, गिटारचा भरीव भाग हे सगळे खाली असल्यामुळे माणसाला आपले काही गेले आहे याचा पत्ताच लागत नाही. हे मी त्यांना सरळ सांगितले, आणि कानांची तपासणी करून घ्यावी असेही सांगितले. शेडमध्ये कानात कापूस घालणाऱ्याला त्या काळी नाजूक समजत, एवढेच ते म्हणाले.

मग मी त्या फाइलची दुसरी प्रत घेतली आणि सुरुवातीच्या भागात रातकिड्यांच्या स्वरांचा तेवढाच पट्टा बेताबेताने वर चढवत नेला. मला आणि मुलाला ते कर्कश वाटू लागले. खरखरही त्याबरोबर वर आली. एका ठिकाणी अप्पांनी तर्जनी उचलली आणि ती किरकिरीच्या लयीत हलवू लागले. सॅक्सोफोन आला तेव्हा त्यांनी मुलाकडे वळून सांगितले की हा माणूस रातकिड्यांच्या सुरावर वाजवतो आहे. बरीच वर्षे हा अल्बम ऐकूनही मी त्या प्रवेशाकडे तसे पाहिले नव्हते. पुन्हा ऐकले आणि मला त्यांचे म्हणणे पटले.

दुसऱ्या बाजूला त्यांनी काही बदल करू दिला नाही. शेवटची नऊ मिनिटांची रचना त्यांना पूर्ण ऐकू येत होती, निदान त्यांचे म्हणणे तसे होते. मुलाला प्रत्येक रचनेची वेगळी फाइल हवी होती. मी नकार दिला आणि एका बाजूची एकच फाइल केली, कारण पहिली बाजू तोडली तर तिच्यातला प्रवासच हरवतो. अप्पांनी माझी बाजू घेतली. दोन्ही प्रती दिल्या आणि चढवलेल्या प्रतीच्या नावातच ‘अप्पांच्या कानांसाठी, मूळ नव्हे’ असे लिहिले, म्हणजे उद्या नातवंडांपैकी कुणी ती ऐकली तर बँडने रातकिडे इतके मोठ्याने वाजवले होते असा त्यांचा समज होणार नाही.