पाच हजारांचे क्लिक आणि चौदा टाक्या

पारोळ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज. काऊंटरच्या अलीकडे मी, पलीकडे दिवसभर रांग. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की तास-दोन तास मोकळे मिळतात. 2024च्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, त्या वेळात मी अॅफिलिएट मार्केटिंगचा नाद लावून घेतला. आपल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की विक्रेता आपल्याला कमिशन देतो. एका विक्रेत्याच्या साइटवरचा बॅटरीचा फवारणी पंप, किंमत तीन हजारांच्या आसपास, कमिशन 7 टक्के. म्हणजे एका पंपामागे 210 रुपये. समोर खरीप, कापसाचा पट्टा, पंप तर घरटी लागतोच. हिशेब इतका सोपा वाटला की मी तो कागदावर मांडलाच नाही.

गूगल अॅड्सच्या खात्यात पाच हजार भरले. गूगलवर शोधणाऱ्याने आपली जाहिरात दाबली की दर क्लिकला त्यातून पैसे कटतात. आत 4,237 दिसले. वरचे 763 कुठे गेले म्हणून अर्धा तास शोधत होतो. 18 टक्के जीएसटी भरलेल्या रकमेतूनच वजा होतो. ज्याच्याकडे जीएसटी नंबर आहे तो पुढे वळता करून घेतो. माझ्याकडे नव्हता, म्हणजे प्रत्येक क्लिक दिसतो त्यापेक्षा महाग.

पहिली जाहिरात थेट विक्रेत्याच्या पानावर नेणारी केली, ती नामंजूर झाली. बरोबरच होतं. मध्ये आपलं काही नसेल, नुसतं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं असेल, तर तशी जाहिरात चालत नाही. मग एका रात्रीत स्वतःचं एक पान बनवलं. वर विक्रेत्याकडचाच फोटो, निळा डगला घातलेला, चेहऱ्यावर घामाचा थेंब नसलेला माणूस. खाली चार ओळी आणि बटण. या लिंकवरून घेतलं तर मला कमिशन मिळतं, हे बटणाखाली लिहिलं, तेवढं एक काम पहिल्या दिवसापासून नीट केलं. विक्रेत्याच्या ब्रँडचं नाव कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी त्या यादीत, टाकलं होतं, त्यावर त्यांचा इशाऱ्याचा मेल आला. अटींमध्ये लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. काढून टाकलं.

रोजचं बजेट 300 ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आदल्या दिवशी 571 गेलेले. खातं कोणी हॅक केलं की काय, या विचाराने चहा गार झाला. नंतर कळलं, 300 ही सरासरी धरतात. एखाद्या दिवशी दुप्पटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा आकडा मात्र 30.4 दिवसांच्या हिशेबात राहतो.

बारा दिवसांत पैसे संपले. 623 क्लिक, सरासरी 6 रुपये 80 पैसे. ऑर्डरी चार, त्यातली एक परत. कमिशन 630.

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, दुकानात बसले होते. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "कितला ग्यात?"

"पाच हजार."

"आनि उनात कितला?"

आले किती ते मी सांगितलं. नानांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री पहिल्यांदा सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला. आपण टाकलेला कीवर्ड वेगळा आणि माणसाने खरंच काय लिहून शोधलं ते वेगळं, हे मला ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मी 'फवारा' हा शब्द ब्रॉड मॅचमध्ये टाकलेला, म्हणजे त्याच्याशी जुळतंमिळतं काहीही शोधलं तरी जाहिरात दिसणार. लोक शोधत होते बंगल्यासमोरचं कारंजं, बाथरूमचा शॉवर. 'पंप'मुळे विहिरीच्या मोटारी आल्या, जवळचा पेट्रोल पंपही आला. पण सगळ्यात जास्त क्लिक खाल्ले होते 'फवारणी पंप अनुदान', 'मोफत फवारणी पंप फॉर्म', 'बॅटरी पंप सबसिडी' यांनी. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, बॅटरी पंपाचे अर्ज भरले जात होते. भरत कोण होतं? मीच. दिवसभर काऊंटरवर माणसं "भाऊ, त्या पंपाचा फॉर्म भरना शे" म्हणत येत होती, मी त्यांचे अर्ज भरत होतो आणि रात्री त्याच माणसांच्या क्लिकचे साडेसहा-सात रुपये मोजत होतो. ज्याला फुकटचा पंप हवाय तो माझ्या लिंकवरून तीन हजारांचा कशाला घेईल?

निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी तिथून सुरू झाली. अनुदान, सबसिडी, मोफत, फॉर्म, यादी, लॉटरी, दुरुस्ती, वॉशर, नोझल, बॅटरी किंमत, कारंजे, पेट्रोल. इथे एक गोम आहे. निगेटिव्ह शब्द समानार्थी शब्दाला अडवत नाही. 'अनुदान' टाकलं म्हणून 'सबसिडी' थांबत नाही. वर आपली माणसं देवनागरीतही शोधतात आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहूनही, त्यामुळे प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत टाकावा लागला. महिनाभरात यादी दीडशेच्या वर गेली. ब्रॉड मॅच बंद करून सगळं फ्रेज मॅचवर आणलं, म्हणजे शोधात आपल्या शब्दांचा अर्थ असेल तरच जाहिरात दिसते.

मग ठिकाणाची भानगड. मी जळगाव, धुळे, नंदुरबार एवढेच जिल्हे निवडले होते, तरी एक तृतीयांश क्लिक बाहेरचे. सेटिंगमध्ये आधीपासून जो पर्याय निवडलेला असतो त्यात त्या भागात असलेले लोक येतात आणि त्या भागात रस दाखवणारेही येतात. मी फक्त तिथे असलेल्यांवर आणलं. आणि मग हळहळलो, कारण लिंकमागे मी ठिकाणाचा कोड जोडत होतो, आणि मिळालेल्या चार ऑर्डरींपैकी तीन बाहेरच्याच होत्या. दोन सुरतच्या, एक पुण्याकडची.

तीन ऑर्डरींवरून काय ठरवणार? पण त्याच आठवड्यात काऊंटरवर एक आजोबा फोन कानाला लावून उभे होते आणि पलीकडून चाकणला कंपनीत असलेला मुलगा सांगत होता, मी इथून मागवतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा. सुरतचं उधना, लिंबायत, नाशिकचं सातपूर, पुण्याकडचं भोसरी. निम्मं खान्देश तिथे कामाला आहे. पंप बापाच्या पाठीवर, पैसे पोराच्या फोनमधून. मग सुरत, नाशिक, पुण्यासाठी वेगळी मोहीम काढली, शोधशब्द मराठीच ठेवले आणि मथळा दिला: 'गावाकडे घरपोच फवारणी पंप'. तिच्यात क्लिक थोडे येत, पण ऑर्डर परत यायचं प्रमाण गावाकडच्यापेक्षा कमी. गावाकडे कॅश ऑन डिलिव्हरी मागवून कुरिअरवाला दारात आला की "नको भो, दुकानात मिळी गया" म्हणणारे बरेच. ऑर्डर परत गेली की कमिशनही परत.

आता जाहिरातीचे शब्द. माझा पहिला मथळा होता 'आधुनिक शेतीचा विश्वासू सोबती'. लिहिताना मला तो फार आवडला होता. मथळ्याला 30 अक्षरांची मर्यादा, एका जाहिरातीत 15 मथळे देता येतात आणि कुठला कधी दाखवायचा ते यंत्रणा ठरवते. त्यामुळे दोन मथळ्यांची सरळ कुस्ती लावायची तर दोन वेगळ्या जाहिराती करून आपला मथळा पहिल्या जागी पिन करावा, म्हणजे तिथेच पक्का करावा लागतो. पण विश्वासू सोबत्यासमोर उतरवायचं कोणाला?

उत्तर नानांच्या बांधावर मिळालं. पानावर स्वतःचं काहीतरी असावं म्हणून तोच पंप मी गावातल्या दुकानातून रोखीने घेतला, कारण स्वतःच्या लिंकवरून खरेदी चालत नाही. सोळा लिटरचा, 12 बाय 8 (12 व्होल्ट, 8 अँपिअर-तास) बॅटरीचा. जुलैच्या सुरुवातीला, कापसावर तुडतुडे दिसायला लागले होते. रात्रभर चार्ज केलेला पंप घेऊन नाना सकाळी सातला शेतात उतरले. मी फोन घेऊन सज्ज, फोटो काढायला. नानांचं लक्ष फोटोत नव्हतं. एक टाकी रिकामी झाली की ड्रमपाशी यायचे, भरायचे आणि बांधावर एक खडा ठेवायचे. मला वाटलं सवय असेल. दहाव्या खड्यानंतर फवारा जरा मंद झाला, बाराव्याला नोझलचं धुकं जाऊन थेंब पडायला लागले, चौदावी टाकी कशीबशी संपली आणि मोटारीचा आवाज घरघरत बसला. नानांनी पंप उतरवला, खांद्यावरचा पट्ट्याचा वळ चोळला आणि खडे मोजले. "चौदा. कंपनी काय म्हने?"

खोक्यावर 20 छापलं होतं.

शेतकरी पंप घेताना तास विचारत नाही, अँपिअर विचारत नाही. एका चार्जिंगमध्ये किती टाक्या मारतो, एवढंच विचारतो. माझ्या काऊंटरवर हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. पानावर खड्यांचा फोटो टाकला, खोक्यावर 20 आहे पण आम्हाला 14 मिळाल्या असं सरळ लिहिलं, आणि मथळा केला 'एका चार्जवर 14 टाक्या'.

विश्वासू सोबती 1,900 वेळा दिसला, 57 क्लिक. चौदा टाक्या 1,850 वेळा दिसल्या, 111 क्लिक. तीन टक्क्यांचे सहा टक्के. जाहिरात शोधाला जुळणारी असेल, लोक ती दाबत असतील आणि पान नीट असेल तर क्लिकही स्वस्त पडतो. पानावरचा चार एमबीचा फोटो मी सव्वाशे केबीवर आणला, त्याचाही हातभार असणार. जुलैत क्लिक सरासरी 4 रुपये 60 पैशांवर आला.

जुलैतच मी एक मूर्खपणा केला, तो सांगितलाच पाहिजे. अर्धे क्लिक निळ्या डगल्याच्या फोटोच्या पानावर, अर्धे नानांच्या फोटोच्या पानावर, अशी चाचणी लावली. आठवड्यात सात ऑर्डरी: नाना पाच, निळा डगला दोन. मी गावभर सांगत सुटलो की खऱ्या शेतकऱ्याच्या फोटोने विक्री अडीचपट होते. एक मित्र कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, तो रविवारी शेवभाजीला बसला होता. रस्सा वाढून घेता घेता म्हणाला, नाणं सात वेळा उडव. पाच-दोन किंवा त्याहून एकतर्फी निकाल किती वेळा येईल? त्याने वहीच्या पानावर मांडून दाखवलं: 128 शक्यतांपैकी 58. म्हणजे 45 टक्के. नुसत्या नाण्याला जे निम्म्याच्या जवळपास वेळा जमतं, त्यावर मी सिद्धांत उभा केला होता.

चाचणी चालू ठेवली. महिनाअखेरीस 27 ऑर्डरी झाल्या: नाना 14, निळा डगला 13. फोटोने काही फरक पडला होता असं म्हणायला जागाच उरली नाही. पान नानांचंच ठेवलं, कारण तोवर नानांनी ते सगळ्या भाऊबंदांना दाखवून झालं होतं.

तेव्हापासून मथळ्याचा निकाल क्लिकवर लावतो, कारण क्लिक भराभर जमतात. ऑर्डरीवर लावायचा तर थांबायची तयारी ठेवतो. पण क्लिकही फसवतात. ऑगस्टमध्ये जाहिरातीत किंमत घातली, 'साधारण ₹3,000'. क्लिकचं प्रमाण सहावरून साडेचार टक्क्यांवर घसरलं. आधीचा मी असतो तर दुसऱ्या दिवशी काढून टाकली असती. दोन्हींचे चारशे-चारशे क्लिक होऊ दिले: बिनकिमतीच्या जाहिरातीतून 9 ऑर्डरी, किमतीच्या जाहिरातीतून 16. मित्राच्या नाण्याने हेही पुरतं पक्कं ठरत नाही. पण नुसती किंमत विचारायला येणारे बाहेरच थांबत होते आणि त्यांचे पैसे वाचत होते, म्हणून किंमत ठेवली.

तीन महिन्यांचा हिशेब असा. जून: पाच हजार गेले, 630 आले. जुलै: पाच हजार गेले, 27 ऑर्डरींपैकी 7 परत, 4,200 आले. ऑगस्ट: पाच हजार गेले, क्लिक 3 रुपये 90 पैशांवर, 37 ऑर्डरींपैकी 8 परत, 6,090 आले. एकूण 4,080 चा खड्डा. त्यात नानांचा पंप धरलेला नाही, तो नाना वापरतात.

जो हिशेब पहिल्या दिवशी मांडायला हवा होता तो आता दुकानातल्या भिंतीवर चिकटवलाय. शंभर क्लिकला किती ऑर्डरी टिकतात, गुणिले 210, भागिले शंभर, त्यातून जीएसटी काढा. ऑगस्टच्या आकड्यांनी क्लिकला साडेचारच्या थोडं वर परवडतं. जूनमध्ये एक रुपयासुद्धा परवडत नव्हता आणि मी 6.80 देत होतो.

पोळ्यानंतर पंपाचे शोध आटले आणि मोहीम थांबवली. थांबवण्याआधी सवयीने सर्च टर्म्स उघडले. 'बॅटरी किंमत' वगळल्यामुळे तो शब्द तिथे दिसणार नव्हता, पण त्याची भावंडं दिसत होती: '12 बाय 8 बॅटरी', 'पंपाची बॅटरी उतरते', 'फवारणी पंप चार्जर'. दोन-तीन वर्षांपूर्वी पंप घेतलेल्यांच्या बॅटऱ्या बसायला लागल्या होत्या, आणि त्यांना मी जूनपासून स्वतःच्या हाताने दाराबाहेर उभं केलं होतं. यादीतून तो शब्द काढला, बॅटरीचं वेगळं पान केलं, रोजचे साठ रुपये लावले. बॅटरीमागे कमिशन साठ-सत्तरच आहे. आजवर 41 क्लिक, ऑर्डर शून्य. मित्र म्हणतो शंभर क्लिकला शून्य आलं तरी खरा दर तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो, तेव्हा एवढ्यात हात लावू नको. नाना रोज संध्याकाळी विचारतात, "उनात का?"