तुम्ही विचारलेत म्हणून: पैसे समोर मोजण्याबद्दल

"घरच्या माणसांवरही तुमचा विश्वास नाही का?" हा प्रश्न मला नात्यातल्या बहुतेकांनी विचारून झाला आहे, आणि भाऊबीजेचे पाकीट मी भावासमोर उघडून मोजले तेव्हापासून वहिनी तो दरवर्षी विचारतात. बँकेत कॅशवर आयुष्य गेले, एवढे उत्तर कोणाला पुरत नाही, म्हणून एकदाचे सविस्तर लिहिते.

संध्याकाळी कॅश जुळली नाही आणि पैसे कमी निघाले, तर ते कॅशियरला पदरचे घालावे लागतात. जास्त निघाले, तर कोणा गरिबाचे राहिले या विचाराने रात्रीची झोप जाते. म्हणून नोटा मोजायच्या त्या देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. न मोजता ठेवलेले पैसे उद्या कमी निघाले, तर संशय देणाऱ्यावरच येणार. मग आज समोर मोजणे हा त्याचा अपमान कसा, असे मी वर्षानुवर्षे तावातावाने सांगत आले आहे. शिवाय बोटेही आता माझे ऐकत नाहीत. लग्नपत्रिकांचा गठ्ठा हाती आला तरी अंगठा आपोआप चालू लागतो.

पण माझ्या या युक्तिवादाला तडा गेला तो नोव्हेंबर 2016 मध्ये. 8 तारखेच्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, दुसऱ्या दिवशी बँका बंद राहिल्या आणि 10 तारखेला दार उघडले तेव्हा रांग रस्त्यावर पोहोचली होती. घरोघरच्या बायकांनी डब्यांत दडवलेले पैसे त्या दिवसांत बाहेर आले. अशीच एक आजी मुलाला घेऊन खिडकीशी आली. तिच्या नोटा तांदळात ठेवलेल्या असणार, कारण घड्यांमध्ये बोरिक पावडर होती. चार-चार घड्या पडलेल्या त्या नोटा मशीन घेईना, तेव्हा एकेक नोट काउंटरच्या कडेवर सरळ करून मी हातानेच मोजल्या. मुलाने भरलेल्या स्लिपवर 500 च्या 32 नोटा, एकूण 16,000 रुपये लिहिले होते. माझ्या हातात 29 आल्या. पुन्हा मोजल्या, तरी 29.

"बत्तीस होत्या हो, परवाच तर मोजल्या मी," आजी म्हणाली. मागून लोक ओरडत होते. पैसे कमी निघाले की माणूस आधी कॅशियरशी भांडतो, हा माझा अनुभव. मी त्या तयारीने मुलाकडे पाहिले, तर त्याने नवी स्लिप ओढून तीवर 29 लिहायला सुरुवातसुद्धा केली होती. आजी त्याच्या पेनाकडे बघत राहिली. मग "माझंच चुकलं असेल, वय झालं आता," असे म्हणून त्याने बोट ठेवले तिथे तिने सही केली.

मी काय करायला हवे होते? 29 चे 32 लिहिणे शक्य नव्हते. कदाचित तिची मोजणी खरोखरच चुकली असेल, कदाचित मुलाने औषधासाठी घेतले असतील. मला ठाऊक आहेत त्या फक्त 29 नोटा. कधी वाटते, त्या वयात ती तासन्‌तास रांगेत उभी राहिली ती परक्या माणसाने मुलासमोर पैसे मोजावेत म्हणूनच. कधी वाटते, हे मी माझ्या समाधानासाठी रचले आहे. समोर मोजले की दोन्ही बाजू निर्धास्त होतात, असे म्हणणारी मी त्या दिवशी एकटीच निर्धास्त झाले, कारण माझी कॅश जुळली.

त्यानंतर घरात मी सावध झाले. सून किराण्याचे पैसे देते तेव्हा ते तसेच टेबलावर ठेवायचे आणि ती आत गेली की मोजायचे, असे ठरवले. एके दिवशी ती पाण्याची बाटली न्यायला परत आली आणि म्हणाली, "आई, माझ्या माघारी मोजता, त्यापेक्षा समोर मोजा, निदान मला कळेल तरी." तेव्हापासून पुन्हा समोर मोजते. तिचे म्हणणे मला पटले आहे, असे मात्र मी तिला अजून सांगितलेले नाही, कारण पूर्ण पटलेले नाही.