चर्चमधला आवाज: येतो पण कळत नाही

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये साउंडचं काम मी सेवा म्हणून बघतो. मागच्या बाकांवरच्या लोकांची तक्रार कायम एकच, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. आणि त्यावर जो तो सांगणार, अरे वाढव जरा. वाढवला की माईक शिट्टी मारतो, नाहीतर सगळं अजून घुमतं, कारण छत उंच, भिंती जाड, खाली लादी, आवाज जिरायला जागाच नाही.

म्हणून फादरांना विचारून चर्च रिकामं असताना बसलो. एका मित्राला पोडियमवर पौलाचं पत्र वाचायला लावलं आणि मी एकेका बाकावर जाऊन ऐकत राहिलो. पुढे छान होतं, पण मधल्या खांबांवरच्या स्पीकरच्या मागे गेलो की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. वायरमधून सिग्नल दोन्हीकडे एकदमच पोचतो, पण हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरच जातो, म्हणजे वेदीजवळच्या स्पीकरचा आवाज 17 मीटरवरच्या खांबापर्यंत यायला 50 मिलिसेकंद लागतात. तोवर खांबावरचा स्पीकर बोलून मोकळा झालेला असतो. मग खांबांची लाईन मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटवर घेतली, तिला 60 मिलिसेकंदांच्या आसपास डिले दिला, म्हणजे तिचा आवाज तेवढा उशिरा सोडला, थोडा जास्तच ठेवला म्हणजे कानाला आवाज पुढून, वेदीकडूनच आल्यासारखा वाटतो. ते स्पीकर समोरच्या भिंतीकडे बघत होते ते खाली वाकवून लोकांच्या डोक्यांकडे केले, याने तर मला वाटतं निम्मं काम झालं.

मग माईक. कॉयरचे, म्हणजे गाणाऱ्यांचे, सगळे माईक प्रवचनातही चालूच असायचे, आणि उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज साधारण 3 डेसिबलने कमी होतो. आता गाणं संपलं की म्यूट. बोलण्याच्या माईकला 100 हर्ट्झच्या खालचं कापलं, तिथे शब्द नसतातच, नुसती घुमघुम असते. वाचन करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगावं लागलं की माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, लांब उभं राहून वाचलं तर मिक्सरवर काहीही करून उपयोग नाही.

राहिली ती गुणगुण. गाण्यांचे शब्द दाखवायचा लॅपटॉप जोडला की सुरू व्हायची, चार्जर काढला की बंद, म्हणजे अर्थिंगचा लूप, लॅपटॉप आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थला जोडले गेले की होतो तो. एकजण म्हणाला चार्जरची अर्थ पिन तोडून टाक. कृपा करून असं कुणीही करू नका, ती पिन जीव वाचवायला असते, आणि समोर धातूचा माईक धरून कुणीतरी उभं असतं. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावला, तो आवाज जाऊ देतो पण दोन्हीकडची तार थेट जोडत नाही, गुणगुण गेली.

पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावरच्या एक आजी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर आल्या आणि फादरांनी प्रवचनात काय सांगितलं ते मला सांगायला लागल्या, मी सगळं ऐकून घेतलं. आवाज तेव्हा आधीपेक्षा कमीच होता.

रोजच्या सकाळच्या मिस्साला सेटिंग वेगळं ठेवतो. माणसं कमी असली की चर्च जास्त घुमतं, तेव्हा पोडियम आणि वेदी एवढेच माईक चालू आणि खांबांची लाईन जरा खाली.