तुम्ही विचारलंत म्हणून: ज्वारीतलं विष काढून का टाकत नाही?

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, परवा तर मयतीला गेलो होतो तिथंही एका पाहुण्यांनी विचारला. तुमची गाय कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, खाऊन मेली, तुम्ही कीटकशास्त्र शिकलेले, मग बिनविषाचं वाण का आणत नाही? दरवेळी दोन वाक्यात उरकतो आणि समोरच्याला वाटतं मी टाळतोय. म्हणून एकदा सगळं लिहितो.

2015 चा दुष्काळ. आमचं शेत मंगळवेढ्याकडं, मी एमएस्सीला होतो आणि सुट्टीला घरी आलेलो. कडवळ कापून नेलेल्या तुकड्यात पाण्यावाचून खुरटलेले फुटवे होते, वीतभर, पण हिरवेगार. आमची खिल्लार गाय चार महिने नुसत्या वाळल्या कडब्यावर होती, ती त्या हिरव्याकडं बघून हंबरायला लागली आणि मीच दावं सोडलं. आण्णा बाजाराला गेले होते. पाचेक मिनिटं तिनं आधाशासारखं खाल्लं, मग मान लांब करून तोंडानं श्वास घ्यायला लागली, पाय लटपटले, खाली बसली आणि तोंडाला फेस आला. डॉक्टरला फोन केला, ते वीस किलोमीटर लांब होते. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, हिरड्या लालभडक झालेल्या. डॉक्टर पोचायच्या आत सगळं संपलं. आण्णा आले, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "किराळ लागली. तुझ्या पुस्तकात नव्हतं व्हय रं हे?"

होतं. किराळ म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, पुस्तकात होतं, परीक्षेत मी ते लिहूनही आलो होतो. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, साखरेला बांधून एका कप्प्यात ठेवलेलं, आणि ते तोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या फुटव्यात हे जास्त, पीक मोठं होईल तसं कमी. सगळं पाठ होतं आणि दावं मीच सोडलं.

चौथ्या दिवशी त्याच तुकड्यात गेलो. एका फुटव्याचा मधला पोंगा वाळलेला दिसला, ओढला तर अलगद हातात आला, बुडाला कुजका वास आणि आत खोडमाशीची पिवळट अळी, तांदळाच्या दाण्याएवढी, वळवळत होती. एवढी मोठी गाय ज्या फुटव्यांनी मेली त्यांच्याच गाभ्यात ही जगत होती! त्या दिवशी मला ज्वारीचा इतका राग आला की बस, हे विष कुणाच्या कामाचं, काढून टाका, असं मी पुढं दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो. तेव्हा तुम्ही आत्ता विचारता तेच मी विचारत होतो, त्यामुळं तुमच्यावर चिडायचा मला खरं तर हक्क नाही.

पण मग लष्करी अळी आली. 2018 ला आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात मक्यावर. मूळची अमेरिका खंडातली, मकाही तिकडचाच, म्हणजे दोघांची जुनी ओळख. मक्याचं विष वेगळं, पण बांधणी तीच, साखर लावून ठेवलेली. अळीनं पान चावलं की मक्याचं एन्झाइम साखर तोडतं आणि विष जागं होतं, पण अळी आतड्यात ती साखर परत चिकटवते, तीही उलट्या बाजूनं, की मक्याच्या एन्झाइमला ती पुन्हा तोडताच येत नाही! हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही मला. 1964 मध्ये पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी फुलपाखरांवरून हेच मांडलं होतं, झाड नवं विष काढतं, किडा त्याच्यावर तोड काढतो, आणि यातूनच दोघांच्या जाती वाढत जातात.

आता तुमचं उत्तर. सायनाइड न सोडणारी ज्वारी संशोधकांनी केलेली आहे, होत नाही असं नाही. पण सायनाइड लवकर सोडू न शकणारी ज्वारी आणि साधी ज्वारी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा हीच लष्करी अळी त्या विष सावकाश सोडणाऱ्या ज्वारीकडं जास्त वळली. म्हणजे खोडमाशीला अडवत नसलं तरी ते विष कुणाला तरी अडवतंय. ते काढलं तर माझी गाय वाचेल, आणि पीक? मग फवारणी वाढवायची, आणि त्या औषधावरही अळी तोड काढणार, ते तर आपण हरभऱ्यावरच्या घाटेअळीत बघितलंच आहे.

मी ज्वारीची वकिली करत नाहीये. ज्याच्या दावणीची गाय गेली त्याला हे सगळं ऐकवायची माझी हिंमत होत नाही, आणि नुसत्या चाऱ्यासाठी तसं वाण चालेल असंही मला अधूनमधून वाटतं. आण्णा म्हणतात, "मिळालं बी तर अर्धा एकर पेरून बघू की." मी अजून हो म्हटलेलं नाही. तोवर फुटव्याच्या तुकड्याला काटेरी कुंपण आहे, आणि दावं सोडायच्या आधी त्याचं फाटक लागलंय का हे मी स्वतः जाऊन बघतो.