ब्रेक दाबला की इंडिकेटर

शनिवार, रात्री साडेनऊ

ताईचा धाकटा दहावीची परीक्षा संपल्यापासून उद्यमनगरात माझ्या दुकानावर येतोय. पहिले दोन दिवस मोबाइल बघण्यातच गेले. आज एक जुनी गाडी आली आणि पोराला नाद लागला.

तक्रार अशी: ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो. आधी कुठंतरी दोन बल्ब आणि इंडिकेटरचा स्विच बदलून झालेला. मला बघताक्षणी अंदाज आला, तरी गप्प बसलो. (लई अवघड काम. माझे उस्ताद गप्प बसायच्या भानगडीत पडत नसत, सरळ पाना फेकायचे.)

"मामा, वायरी एकमेकीला चिकटल्या असतील."

"असतील. पण करंट बल्बमधनं गेल्यावर परत कुठनं जातो?"

"बॉडीतनं. बॅटरीच्या मायनसला."

"आणि ती वाट बंद असली तर?"

डोकं खाजवत दिव्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "केर्लीजवळ पुराचं पाणी आलं की गाड्या मिळंल त्या आडवाटेनं घुसतात. तसा करंट इंडिकेटरच्या बल्बमधनं घुसत असंल."

मी कधी असं सांगितलं नसतं.

मीटर 20 डीसी व्होल्टवर लावून दिला. लाल पिन बल्बच्या होल्डरच्या अर्थिंगला (करंट बॉडीत परत नेणारी जोडणी), काळी डिकीच्या लॉकच्या बोल्टला, म्हणजे बॉडीला. मी ब्रेक दाबला. 6.9! खरं तर 0.2 च्या आत पाहिजे. दिवा पेटवूनच मोजायचं, नाहीतर खराब अर्थिंगही शून्य दाखवून फसवतं, एवढं तेवढं मी सांगितलं.

मॅटखाली अर्थिंगचा स्क्रू सापडला, हिरवा-पांढरा बुरा चढलेला. काचपेपरनं घासून पत्रा चकचकीत केला, आवळला, वरनं व्हॅसलीन. 0.04. इंडिकेटर गप्प.

मी हात पुसायला घेतले. हा अजून मॅट चाचपत होता. "मामा, हे ओलं कशानं?"

खरं सांगायचं तर मी तिथंच थांबलो असतो. त्यानं मला डिकीत टॉर्च घेऊन बसवलं आणि बाहेरनं मगानं पाणी ओतत राहिला. तिसऱ्या मगाला लाइटच्या रबराखालनं थेंब आत आला. रबर कडक होऊन तडकलेलं.

गिऱ्हाईक पाचला आलं होतं. रबर शोधून, बसवून, परत पाणी मारून बघेस्तवर सात वाजले.