सिन्नरच्या मावशींनी तपासलेला सिगार

निघालो होतो गोंदेश्वर पाहायला. नाशिकहून सिन्नर तीसेक किलोमीटर. मावसभाऊ सोबत होता. तो जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना निकाराग्वातल्या एस्तेली गावचा एक सिगार घेऊन आलेला. ५ इंच लांब, पाऊण इंचाहून थोडा जाड, रंग करपलेल्या गुळाचा, हाताला किंचित तेलकट. मी ओढत नाही, पण वास घेतला: ओली माती, कॉफी आणि मागे कुठेतरी मनुका.

"एवढा काळा म्हणजे भलताच कडक असणार," मी म्हणालो. इथे भाऊ सुरू झाला. याला म्हणतात मादुरो, स्पॅनिशमध्ये पिकलेला. वरचं पान मेक्सिकोतल्या सान आंद्रेस खोऱ्यातलं, जाड. पानांचे ढीग रचून ठेवतात, ओल आणि वजनाने ढीग आतून तापतो, फार तापला की उपसून खालची पानं वर घेऊन पुन्हा रचतात. शेणखताचा ढीग कसा वाफाळतो, तसंच. महिनोन्महिने हे चालतं. अमोनिया उडून जातो, रंग गडद होतो, तिखटपणा कमी होऊन गोडसरपणा येतो. कडकपणा ठरतो तो मुख्यतः आतल्या भरण्यावर.

देऊळ पाहिलं. यादवकाळातलं, पंचायतन, सुंदर. पण माझं डोकं पानातच अडकलेलं. सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव, तेव्हा ओळखीतून एका विडी वळणाऱ्या मावशींकडे गेलो.

मांडीवर सूप. टेंभुर्णीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. बोलताना हात थांबत नव्हते. मजुरी हजारामागे, थांबून कसं चालेल? भावाने सिगार पुढे केला.

"ह्याला दोरा कुठंय?"

"दोरा नसतो मावशी. टोकाला पानाचीच टोपी, झाडाच्या डिंकाने चिकटवलेली."

"आणि पान?"

"तंबाखूचंच. आत भरणा, त्यावर बांधायचं पान, मग हे वरचं."

"म्हणजे सगळीच तंबाखू!" त्या हसल्या. मग अंगठा आणि तर्जनीत धरून सिगार हळूहळू फिरवला. मध्याच्या जरा वर अंगठा थांबला. "हितं पोकळ राहिलंय, भाऊ. वरची शीर मात्र छान दाबलीय."

भावाचा चेहरा पडला. महागाचा होता बिचाऱ्याचा.

संध्याकाळी गंगापूर धरणाच्या काठावर त्याने तो पेटवला. निम्म्यापर्यंत राख घट्ट, पांढुरकी, जळत होता सरळ रेषेत. मग एक बाजू भराभर पुढे पळाली आणि धूर गरम लागायला लागला. भावाने सिगार डोळ्यांजवळ नेला, नखाने अंतर मोजल्यासारखं केलं.

"बरोब्बर तिथंच रे," म्हणाला.